हं नावाची वस्तू

नात दोन वर्षांची झाली तरी बोलेना. पोरगा आणि सून कामावर, म्हणून तिला डॉक्टरकडे मीच न्यायचं ठरवलं. तिथंच फसलो. (बायकोलाही बरोबर घेतलं, ही दुसरी चूक.)

काळजी होतीच. पोर मुकी तर नाही ना, हा विचार तीन महिने डोक्यात घोळत होता.

डॉक्टरीणबाईंनी तिचे कान तपासले, खेळणी दाखवली. नातीनं बाहुलीकडे बोट केलं. "हं."

"कान उत्तम. समजतंही सगळं. दिवसभर कुणाजवळ असते?"

"माझ्याजवळ." मी छाती काढून सांगितलं.

"तिच्याशी काय बोलता?"

मी बायकोकडे बोट केलं. ती सांगेल. "हं."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

माझा काय दोष? चाळीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर काढली. त्या खडखडाटात बोलणाऱ्याचं ऐकतो कोण? बोट दाखवलं की पाना हातात. घरीही तेच चालवलं. कधी अडलं नाही.

"तिनं बोट केलं की नाव सांगून वस्तू द्या," बाई म्हणाल्या. "आणि मोठ्या माणसांनीही तोंडानं मागायचं. ती ऐकेल, शिकेल."

"यांनीसुद्धा?" बायकोनं विचारलं.

"यांनी आधी."

बायको लग्नातही एवढी खूश दिसली नव्हती.

तीन दिवस अळणी जेवलो, पण मिठाचं नाव काढलं नाही. चौथ्या दिवशी अंघोळ झाल्यावर कळलं, टॉवेल विसरलो. दार किलकिलं करून हात बाहेर काढला.

"काय हवंय?"

"हं!"

"अहो, हं नावाची वस्तू आपल्या घरात नाही."

"अगं..."

"अगं इथंच उभी आहे. पुढं बोला."

दात वाजायला लागले. अब्रू मोठी की थंडी? थंडी मोठी निघाली.

"मला टॉवेल दे! अंग ओलं आहे! थंडी वाजतेय! टॉवेल दे!" (एवढं सलग मी आयुष्यात बोललो नव्हतो.)

बाहेरून बारीक आवाज आला, "आजी, तावेल दे."

मी पालथ्या बादलीवर बसलो. छातीवरचा दगड उतरला. डोळ्यांत साबण गेला होता. (साबण कधीच धुऊन झाला होता, पण मी तसंच सांगतो.) बायको नातीचे मुके घेत सुटली. टॉवेल मिळाला पाऊण तासानं.

महिन्याभरात पोरीची टकळी थांबेना. पुन्हा दवाखान्यात गेलो. खुर्ची, पंखा, बाहुली, तिनं सगळ्यांची नावं बाईंना सांगितली.

"छान! आता हिला आणायची गरज नाही."

आनंदाच्या भरात मी बायकोकडे बघून दाराकडे बोट केलं. "हं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि कागदावर तारीख लिहिली.

"आजोबा, पुढच्या महिन्यात तुम्ही एकटेच या."