तिसऱ्या रकान्यातली वाट

साहेब, सुंदराबाई खंदारेची नोकरी तुम्ही घालवलीत, आणि तेवढ्यासाठी दोन माणसं जर्मनीला पाठवलीत. तुमचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की तुमची बदली होते, दारावर नवी पाटी लागते आणि खुर्ची तशीच फिरत राहते. म्हणून हे खुर्चीलाच सांगतोय. खाली जे आहे ते माहितीच्या अधिकारात मिळालेल्या दोनशे चौदा पानांतलं आहे. जे पानांत नव्हतं ते तुमच्याच खात्यातल्या देवेशने सांगितलं. त्याचं खरं नाव देवेश नाही; तुम्ही ओळखालच, बाकीच्यांसाठी बदललंय.

आमची वस्ती कांजूरमार्गला नाल्याच्या अलीकडे. पलीकडे बालवाडी. मधे पादचारी पूल होता, तो तुम्ही धोकादायक ठरवून पाडलात. त्याला दोन वर्षं झाली. पूल पाडायला चार तास लागले, हे मात्र कबूल करायला हवं, खात्याने मनात आणलं तर काम होतं.

सुंदराबाई त्या बालवाडीत खिचडी रांधायची. वय सत्तावन्न, उजवा गुडघा कामातून गेलेला. सातला चूल पेटायला हवी असायची. पूल होता तेव्हा ती सातला पाच कमी असताना घरातून निघायची. पूल गेल्यावर सव्वासहाच्या आत निघायची, हायवेला वळसा घालून साडेतीन किलोमीटर जायची आणि तेवढंच परत यायची. तिच्या दारातून बालवाडीचं निळं दार दिसतं. मुलांनी खिचडी सांडली तर तीही दिसते. फक्त जाता येत नाही.

तर पूल बांधायचा म्हणून तुम्ही अभ्यास करायचं ठरवलंत. जर्मनीत फ्रँकफर्टपासून शेहेचाळीस किलोमीटरवर एका लहान गावात ओढ्यावर लोखंडी पूल आहे, दोन दिवसांत उभा केलेला. तो बघायला द्विसदस्यीय शिष्टमंडळ निघालं. उपअभियंता विद्याधर आणि कनिष्ठ अभियंता देवेश. दौरा दहा दिवसांचा, पूल बावीस फुटांचा.

विमानाची मंजुरी होती, हॉटेलची होती, नाश्त्याचीही होती. फ्रँकफर्टहून त्या गावापर्यंत कसं जायचं, हे मात्र लिहायचं राहून गेलं होतं.

पहिल्या दिवशी त्यांना भेटायला प्रांजल आला. मुलुंडचा मुलगा, सहा वर्षं तिकडेच कामाला आहे.

"काका, एवढं काय त्यात? स्टेशन समोर आहे. तिकीट काढा आणि बसा, पन्नास मिनिटं. नाहीतर कार घ्या, तीही तेवढाच वेळ खाते."

"कुणाच्या आदेशाने?" विद्याधर म्हणाले.

"म्हणजे?"

"ट्रेन का कार, हे आम्ही इथे ठरवलं तर उद्या लेखापरीक्षणात विचारतील, दुसरं का नाही. मग तू येणार आहेस का उत्तर द्यायला?"

सहा वर्षांत प्रांजलची अशा प्रश्नांची सवय मोडली होती.

विद्याधरांनी दोन्ही पर्याय तपासायला घेतले. आधी कार. वरिष्ठाने मागच्या सीटवर डावीकडे बसायचं, हा खात्याचा रिवाज. पण तिकडे ड्रायव्हरच डावीकडे बसतो. म्हणजे वरिष्ठ बसणार ड्रायव्हरच्या पाठीमागे, त्याची मान बघत, आणि उजवीकडे मोकळ्या जागेत पाय पसरून कनिष्ठ. विद्याधरांनी टिपणीत लिहिलं, "कारमधील आसनव्यवस्था सेवाज्येष्ठतेस प्रतिकूल."

मग ट्रेन. विद्याधरांची पात्रता पहिल्या वर्गाची, देवेशची दुसऱ्या. म्हणजे शिष्टमंडळ दोन डब्यांत फुटणार. फुटलेल्या शिष्टमंडळाने बघितलेला पूल ग्राह्य धरायचा का? यावर देवेश म्हणाला, "सर, मी पण पहिल्या वर्गात बसतो ना, काय फरक पडतो?" त्यावर विद्याधरांनी त्याच्याकडे असं बघितलं की देवेशला स्वतःचा सेवाकाळ आठवला.

तरी ते खात्री करायला स्टेशनवर गेले. ती गाडी सात मिनिटं उशिरा आली. देवेश सांगतो, सगळ्या दौऱ्यात विद्याधर इतके खूश कधी दिसले नाहीत. घड्याळ बघून त्यांनी वेळ लिहून घेतली, प्रांजलची साक्षीदार म्हणून सही घेतली आणि म्हणाले, "बघ, इथे पण. उगाच आपल्यालाच बदनाम करतात." गाडी आली, दारं उघडली, दारं लागली, गाडी गेली. शिष्टमंडळ फलाटावर समाधानाने उभं.

आता निर्णय मुंबईने द्यायचा होता. त्यासाठी तुलनात्मक तक्ता लागतो. हा तक्ता म्हणजे तुमच्या कार्यालयाचं कुलदैवत. पेन घ्यायचं असो की पंप, किमान तीन पर्याय मांडायचे आणि सर्वांत स्वस्त असेल तो घ्यायचा. दोनच पर्याय असले तर फाइल उंबऱ्यावरून परत. इथे कार आणि ट्रेन, दोनच रकाने भरत होते. तिसरा रिकामा.

"सर, बोट टाकू?" देवेशने विचारलं.

"ओढ्यात बोट चालते का? खोटं लिहायचं नाही."

मग देवेशने तिसऱ्या रकान्यात लिहिलं, "पायी." दर, शून्य. जागा भरायला म्हणून. सगळेच असं भरतात. विद्याधरांनीही बघून मान डोलावली आणि तक्ता मुंबईला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधी फोन वाजला. मुंबईत तेव्हा कार्यालय नुकतंच उघडलं होतं. लेखा विभागातल्या माधुरीताई होत्या.

"सर, अभिनंदन. एका दिवसात मंजुरी आणली."

"वा. ट्रेन का कार?"

"पायी."

विद्याधर अंथरुणात उठून बसले. "अहो ताई, शेहेचाळीस किलोमीटर आहे ते."

"सर, अंतराचा रकाना तक्त्यात नाहीये. नमुना तुम्हीच ठरवलाय, दोन हजार अकराला. सर्वांत कमी दर शून्य, त्याच्या खाली मी कुठे जाऊ? साहेबांची सही झाली."

साहेब, सही तुमची. पान एकशे सात. तुम्ही वाचलं असतंत तर हसला असतात.

विद्याधरांनी फेरविचाराचा अर्ज पाठवला. उत्तर आलं की पायी जाणं अव्यवहार्य असेल तर तसा प्रत्यक्ष चाचणीचा पुरावा जोडावा. मग पाचव्या दिवशी शिष्टमंडळ चालायला निघालं. विद्याधरांचे बूट नवे होते, खास दौऱ्यासाठी घेतलेले. पावणेदोन किलोमीटरवर एक बेकरी लागली, तिथे ते बसले. टाचा सोलल्या होत्या. एका म्हाताऱ्या बाईने सायकल थांबवून काहीतरी विचारलं, यांना कळलं नाही, यांनी नमस्कार केला. परत येताना टॅक्सी केली. त्या टॅक्सीचा तक्ता करायचा राहिला म्हणून ती गोष्ट अहवालात नाही.

सोललेल्या टाचांचे फोटो मुंबईला गेले. माधुरीताईंनी शेरा मारला, "टाचा कोणाच्या, हे फोटोवरून स्पष्ट होत नाही. राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून सादर करावे." राजपत्रित अधिकारी त्या शहरात एकच होता, त्याच टाचांचा मालक. स्वतःच्या टाचा स्वतः साक्षांकित करता येत नाहीत.

असे दहा दिवस गेले. शेवटचा दिवस रविवार होता. प्रांजल बायकोला घेऊन ट्रेनने त्या गावी गेला, पुलावर आइस्क्रीम खाल्लं, फोटो काढला आणि देवेशला पाठवला. शिष्टमंडळाने पूल बघितला तो एवढाच, मोबाइलवर, विमानतळाच्या रांगेत.

परत आल्यावर नाल्याच्या काठावर मांडव घालून सत्कार झाला. आम्हीच केला. शाल, श्रीफळ, गुच्छ. विद्याधर बोलले, "जर्मनीत सुद्धा गाड्या लेट होतात," आणि सर्वांत मोठ्या टाळ्या या वाक्याला पडल्या. मीही वाजवल्या. मग अहवाल हातोहात फिरला. मुखपृष्ठावर प्रांजलने काढलेला फोटो, पुलावरून काठी टेकत जाणारी एक गोरी म्हातारी.

सुंदराबाईने तो बराच वेळ धरून ठेवला, मग माझ्याकडे वळली.

"माझ्याच वयाची दिसती. हिचा कंचा गुडघा दुखत असंल रे, सम्यक?"

"तिला कशाला दुखेल, मावशी? पूल आहे ना तिला."

"तसं न्हाई. पूल असला तरी गुडघा गुडघाच." मग हळूच म्हणाली, "दिवाळीपर्यंत व्हईल ना आपला? डाक्टर म्हनला, चालनं बंद करा. बालवाडीच्या बाई म्हनल्या, एक दिस उशीर झाला तर मी समजून घेईन, पूल न्हाई तर तुम्ही तरी काय करनार. पन रोज कशा समजून घेतील?"

"होईल. मी अर्ज टाकतो."

मी नळजोडणीची कामं करतो. वस्तीचे अर्ज मीच लिहितो. शाळा आठवी, पण अर्ज असा लिहितो की वाचणाऱ्याला घाम फुटावा. या वेळी मी पुरावाच जोडला. सुंदराबाईचं दोन वर्षांचं हजेरीपत्रक. पाचशे साठ दिवस, एकही दिवस उशीर नाही. खाली लिहिलं, "ही माउली पूल नसताना रोज सात किलोमीटर पायी चालते. जवळपास चार हजार किलोमीटर चालून झाली. जर्मनीच्या वाटेला लागली असती तर एव्हाना निम्म्याच्या पुढे गेली असती." वस्तीतल्या दोनशे बारा लोकांनी सही केली की होय, आम्ही तिला रोज चालताना बघतो. लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश झालो. वाटलं, झकास, आता कुठे जातील.

विद्याधर जर्मनीहून एक गोष्ट मात्र शिकून आले होते. पुलाचा तुलनात्मक तक्ता त्यांनी स्वतः भरला, आणि या वेळी कोणतीही उणीव ठेवली नाही. पहिला रकाना, लोखंडी पूल. दुसरा, काँक्रीटचा पूल. तिसरा, "विद्यमान मार्गाने पायी. दर, शून्य." व्यवहार्यतेचा पुरावा म्हणून माझा अर्ज. हजेरीपत्रक साक्षांकित. दोनशे बारा साक्षीदार. टाचांचा प्रश्नच आला नाही.

सर्वांत कमी दराचा पर्याय मंजूर. पूल रद्द. सही तुमची, पान दोनशे नऊ.

कळलं तेव्हा मी सुंदराबाईला काय सांगू या विचारात दोन दिवस तिच्या गल्लीत गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तिला आयुष्यात पहिल्यांदा उशीर झाला. अकरा मिनिटं. हायवेच्या कठड्याला धरून उभी राहिली होती, गुडघा हलेना. बालवाडीच्या बाईंनी खरंच समजून घेतलं. पण वरून पत्र आलं की सदर मार्ग व्यवहार्य असल्याचं सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलं आहे, म्हणून पूल नसल्याचं कारण ग्राह्य धरता येणार नाही. एक तारखेपासून पलीकडच्या काठावरची बाई खिचडी रांधते.

मी गेलो तेव्हा सुंदराबाई दारात बसली होती. समोर निळं दार.

"मावशी, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? तू खरं तेच लिवलंस." तिने गुडघ्यावर तेल चोळलं. "माझंच चुकलं बघ. मधनं मधनं उशीर करायला पायजे होता."

हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं. पाचशे साठ दिवस वेळेवर गेली, हाच तिचा गुन्हा. आणि पुरावा जमा करणारे आम्ही. वाचणाऱ्या भल्या माणसा, तूही जरा आठव. बंद नळाखाली, उखडलेल्या फुटपाथवर, मोडक्या लिफ्टसमोर "चालतंय की, करतो आपण ॲडजस्ट" असं तू कितीदा म्हणालास? ते हवेत विरलं असं समजू नकोस. कुठेतरी एका तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात ते लिहिलेलं आहे, समोर शून्य आहे आणि खाली तुझी सही आहे. दोनशे बारा सह्यांत माझी पहिली आहे. तुझी कितवी?

आता साहेब, तुमच्याकडे वळतो. दोन्ही पानांवर सही एकच, रकाना एकच, शब्द एकच. शेहेचाळीस किलोमीटर पायी जायचा आदेश तुम्ही दिलात, तो तुमच्या माणसांनी पाळला नाही, तर त्यांना शाल मिळाली. सुंदराबाईने आदेश नसताना चार हजार पाळले आणि अकरा मिनिटं चुकली, तर तिची चूल गेली. असं का?

उत्तर लेखी हवं. टपालाने नको, ईमेलने नको, शिपायाच्या हाती नको. सुंदराबाईच्या दारातून समोर निळं दार दिसतं, तिथून निघा आणि तुम्ही प्रमाणित केलेल्या मार्गाने इकडे या. पायी. सकाळी सातला मी तिच्या दारात घड्याळ घेऊन उभा आहे.