खोलीसाठी वाजवलेली गिटार

थोरलीने गिटार हातात घेतली ती संगीताच्या प्रेमापोटी नव्हे, शिलाई मशीनच्या खोलीसाठी. (संगीतावर तिचं प्रेम असतं तर इतक्या वर्षांत घरात कुणाला तरी दिसलं असतं.)

धाकट्या जावेला पुढची खोली गिटारच्या क्लाससाठी हवी होती. उजेड चांगला, दार थेट रस्त्यावर. म्हणूनच तर थोरलीची मशीन तिथे ठाण मांडून होती. वाद सासऱ्यांपुढे गेला. धाकटी गोड आवाजात म्हणाली की कपडे काय, कुठेही बसून शिवता येतात. गिटारला डोकं लागतं. झालं. थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली. मामंजींच्या वाढदिवसाला अख्खं गाणं वाजवून दाखवीन, नाही वाजवलं तर खोली तुझी, असं ती चारचौघांत बोलून बसली. सासरे खूश झाले. त्यांना घरबसल्या भांडण बघायला मिळणार होतं.

माळ्यावर नवऱ्याची कॉलेजातली गिटार पडून होती. त्याने ती का सोडली, हे पहिल्याच दिवशी कळलं. तारा इतक्या उंच, की खालून उंदीर मान न वाकवता गेला असता. दाबायला जावं तर बोटं चिरत, आणि एवढं करून आवाज निघे तो पत्र्यावर चमचा पडल्यासारखा. नवरा म्हणाला, बोटं घट्ट होतील. धाकटीही तेच म्हणाली. होईनात. मिठाचं पाणी झालं, तुरटी झाली. शेवटी तिने, सुई टोचू नये म्हणून शिवताना बोटात घालतात ती लोखंडी टोपणं चारही बोटांत चढवली. दुखणं थांबलं. गाण्याच्या जागी मात्र भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला, आणि जोर लावताना एक टोपण सटकलं ते थेट गिटारच्या पोटात.

ते काढायला तिने गिटार उलटी केली, हलवली, मग नवऱ्याला पलंगावर उभं करून त्याच्याकडून हलवून घेतली. टोपण आतल्या आत फिरलं. मोडली ती पलंगाची फळी.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याने चिमट्याने टोपण काढून दिलं, सहज एक तार दाबून पाहिली आणि मग तिच्या बोटांकडे पाहिलं.

"काकू, हिच्यावर कपडे वाळत घालता का?"

थोरलीने उलट विचारलं की बोटं घट्ट व्हायला अजून किती दिवस लागतील.

"बोटांना काही झालेलं नाही, गिटार बिघडलीय," तो म्हणाला. "मुरलेला माणूस असल्या गिटारवरही निभावून नेतो. नवशिका स्वतःलाच नालायक समजतो आणि सोडून देतो. त्याला तर आधी नीट लावलेली गिटार हवी."

थोरली ओशाळली. जाम झालेल्या मशीनवर तिने स्वतः कुठल्या पोरीला कधी शिकायला बसवलं नव्हतं.

त्याने गिटारची वाकलेली मान सरळ केली, तारांखालची पट्टी घासून तारा खाली आणल्या, जाड काढून बारीक चढवल्या, सूर लावला. तिने नुसतं बोट टेकवलं आणि स्वच्छ आवाज आला. विश्वास बसेना म्हणून तिने पुन्हा टेकवलं.

मग ती हटली नाही. दूध उतू गेलं तरी वाजवलं. एका गिऱ्हाइकाच्या पँटला खिसा गुडघ्याशी लागला, तरी वाजवलं. वाढदिवसाला गाणं अख्खं वाजलं. मध्ये एकदा अडलं, तेव्हा तिने धाकटीकडे असं पाहिलं की धाकटीनेच टाळ्या सुरू केल्या. खोली राहिली.

इथे गप्प बसली असती तर ती थोरली कसली. शेजारच्या बायका कौतुकाने गोळा झाल्या, आमच्या पोरांना शिकवाल का म्हणाल्या. धाकटी बाजूलाच उभी होती. ती ऐकतेय म्हणूनच थोरली म्हणाली, "पाठवा की. माझ्याच खोलीत पाठवा."

पोरं आली. पहिल्या दिवशी तिने प्रत्येकाच्या तारा दाबून पाहिल्या आणि निम्म्यांना दुरुस्तीवाल्याकडे पिटाळलं. तो दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी तिला येणारं गाणं संपलं. तिसऱ्या दिवशी पोरांनी दुसरं मागितलं, आणि तिला धाकटीला हाक मारावी लागली. धाकटी आली ती गिटार घेऊनच आली. मग आणखी पोरं आली, मावेनात, म्हणून मशीन जिन्याखाली गेली.

आता खोलीत धाकटी शिकवते. पण ही खोली नक्की कुणाची, असं कुणी विचारलंच, तर थोरली जिन्याखालून ओरडून सांगते, "माझी."