खुर्चीचा श्वास

फुप्फुसांचा व्यायाम लाकडी स्टुलावर ताठ बसून करावा, अशी पत्नीची आठ दिवसांपूर्वीची आज्ञा होती. मुद्रितशोधकांनी तीत एकच दुरुस्ती केली : स्टुलाऐवजी त्यांनी आपली जुनी रेक्झिनची खुर्ची घेतली. (दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला स्वतःची दुरुस्ती निर्दोषच वाटते.)

धूम्रपान सोडून त्यांना एकोणपन्नास दिवस झाले होते. सोडण्याचे कारण तीन महिन्यांचे होते आणि लेकीच्या घरी पाळण्यात निजले होते. "घरात सिगारेटचा वास असेपर्यंत बाळ तिथे येणार नाही, आणि तुम्हीही इकडे यायचं नाही," लेकीने फोनवर बजावले होते. "रविवारी मी येऊन आधी हुंगणार, बाबा!" नातीला त्यांनी अजून एकदाही मांडीवर घेतले नव्हते.

बुधवारी दुपारी चारच्या सुमारास घर निपचित होते. नाकाने श्वास आत, आवळलेल्या ओठांनी बाहेर, अशी वीस आवर्तने संपवून मुद्रितशोधक पाणी प्यायला उठले. दोन पावले गेले असतील नसतील, तोच पाठीमागे कोणीतरी श्वास घेतला. दीर्घ, सावकाश, किंचित घरघरणारा.

त्यांनी वळून पाहिले. खोलीत कोणी नव्हते. मात्र खुर्चीच्या बैठकीतला खळगा हळूहळू भरून वर येत होता; जणू तिथे बसलेला अदृश्य गृहस्थ आता उठू लागला होता. पाठोपाठ वास आला. सिगारेटचा, आणि तोही त्यांच्याच छापाचा.

आपण ज्याला सोडले तो माणूस गेलाच नाही की काय? तीस वर्षे त्या खुर्चीत धूर काढणारा तो अजून तिथेच बसला आहे, आणि आपण आठ दिवस त्याच्याच मांडीवर बसून व्यायाम करतो आहोत? मुद्रितशोधक दारापर्यंत मागे सरले.

"अगं, इकडे ये! लवकर ये!"

पत्नी छातीच्या वॉर्डात परिचारिका होती. निवृत्त झाली तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिने आधी नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला.

"ओढलीत?"

"शपथ घेतो! मी नाही, ती ओढतेय. खुर्ची!"

"मला तर कसलाच वास येत नाही."

"तुझं नाक मेलंय. तीस वर्षं याच वासात राहिलीस."

"कोणामुळे राहिले?" असे म्हणून सिस्टरने स्टेथोस्कोप आणला, बैठक तळहाताने दाबून सोडली आणि डोळे मिटून ऐकू लागली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी उरली.

"घरघर आहे," ती गंभीरपणे म्हणाली. "डावीकडे खाली जास्त."

मुद्रितशोधकांचा आवाज खोल गेला. "म्हणजे आत... कोण आहे?"

"फोम आहे! शिवण उसवलीय. तुम्ही बसलात की जुना धूर बाहेर, उठलात की हवा आत. आणि तुम्ही वर बसून तोच धूर छातीभर ओढताय, रोज दोन वेळा. सोडून किती दिवस झाले म्हणालात?"

"एकोणपन्नास."

"आठ वजा करा."

खुर्ची त्याच दिवशी गॅलरीत गेली. तरीही पडद्यामागून कोणीतरी श्वास रोखून पाहत असल्याचा भास मुद्रितशोधकांना रविवारपर्यंत होत राहिला. तीन दिवस त्यांनी खिडक्या उघड्या ठेवल्या, पडदे धुतले, पुस्तकेसुद्धा एकेक उघडून वाऱ्याला धरली.

रविवारी लेक आली. खोल्यांतून फिरली, पडदे हुंगले, गॅलरीत जाऊन खुर्चीवर वाकली. मुद्रितशोधक श्वास कोंडून उभे होते. शेवटी ती त्यांच्यासमोर आली आणि त्यांच्या लोकरी स्वेटरला तिने नाक लावले. थंडीचे दिवस, आणि घरात रोज तोच घालायची सवय. व्यायामही याच स्वेटरात झाला होता.

"आई," लेक म्हणाली, "खुर्ची आत घे. बाबांना बाहेर ठेव."

"आणि बाळ?" मुद्रितशोधकांनी कासावीस होऊन विचारले.

"खाली गाडीत आहे, तिच्या बाबांजवळ. वास गेला की वर आणते."

मुद्रितशोधक गॅलरीत गेले. "हा स्वेटर काढून वाळत घालू का गं?"

"नको, अंगावरच असू दे," सिस्टर म्हणाली. "आतल्यालाही वारा लागायला हवा." आणि तिने दोन चिमटे आणून त्यांच्या दोन्ही बाह्या कपड्यांच्या दोरीला लावून टाकल्या.