अक्काच्या गवताचे तुरे कोणी नेले?

“शोधक मेंदू जगात दोनच. एक माझा. दुसऱ्याच्या मी शोधात आहे,” असं धाकट्या भावाने मान ताठ करून सांगितलं, तेव्हा अक्काने कपाळाला हात लावला. धंद्याने तो शिंपी. गिऱ्हाइकांचे हरवलेले कपडे दुकानात शोधता शोधता गुप्तहेर झाला. गल्लीत त्याला धागादोरे म्हणत, आणि त्याला तो मान वाटे.

अक्काचा जीव मात्र टांगणीला लागला होता. माळावरचं रानगवत तिने बी पेरून बागेत हौसेने वाढवलं होतं. बाग-समितीच्या बाई म्हणाल्या, “तण आहे हे, उपटा.” “तुरे आले की बघा, मग ठरवा,” अशी गयावया करून अक्काने मुदत मिळवली. चंदेरी तुरे आले, आणि रोज थोडे थोडे नाहीसे होऊ लागले.

धागादोरेने तपास हाती घेतला. आधी आपली रुबाबदार टोपी व्हरांड्यातल्या खुंटीला पट्ट्याने उलटी टांगली. ती नुसती पाहून चोराची गाळण उडते म्हणे. मग गळ्यातली टेप काढून गवताची छाती, कंबर, उंची घेतली.

“पाणी घालू का रे?” अक्काने विचारलं.

“खबरदार! पुरावा आहे तो. पुराव्याला हात लावायचा नाही.”

पहिला संशय शेजारच्या मास्तरांवर. ते शिंकतात, म्हणजे तुरे नाकाशी नेतात. मास्तरांना सर्दी निघाली. मग झाडूवाल्यावर. त्याचे सगळे झाडू प्लास्टिकचे निघाले. यात दोन आठवडे गेले, आणि तुरे कमीच होत राहिले.

“तुरे कुणाला नकोत? समितीच्या बाईंना!” धागादोरे गरजला. अक्का घाबरली, कारण जन्मात पहिल्यांदाच तो काहीतरी पटण्यासारखं बोलला होता.

आणि बाई आल्याच. गवताच्या बोडक्या काड्या पाहून म्हणाल्या, “कुठायत तुरे? चला, उपटा आता.” अक्काला रडू फुटायचं बाकी राहिलं.

“थांबा! गुन्हेगार इथेच उभी आहे!” धागादोरे बायकोकडे वळला. “माझी टोपी आण.” टोपीशिवाय तो निकाल देत नसे.

बायकोने खुंटीकडे हात नेला, तशी एक चिमणी तिच्या कानाजवळून भुर्रकन उडाली. तिने टोपीत डोकावलं.

“अहो, लागला निकाल. आत अंडी आहेत. आणि अक्कांचे तुरे.”

बाई टाचा उंचावून बराच वेळ बघत राहिल्या. “माझ्या हिरवळीवर इतक्या वर्षांत एक चिमणी उतरली नाही हो,” त्या हळूच म्हणाल्या. “राहू दे गवत. एक ठोंब मलाही द्या.”

अक्काचे डोळे भरून आले.

“सापळा मीच लावला होता,” धागादोरे म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. “आता माझी टोपी द्या.”

अक्काने त्या हातावर चापट मारली. “खबरदार! पुरावा आहे तो.”