मोकळ्या पाठीचा कोट

माझा फोटो मुंबईच्या सचित्र मासिकात छापून आला. गुळगुळीत कागद, अख्खे पान, आणि खाली ठळक अक्षरांत ‘छायाचित्रकार : लीलाधर रुपचंद, धुळे’! झाले, सांगून टाकले. आता कृपा करून विसरा. असे काही घडलेले नाही. कोणी विचारलेच, तर असले मासिक निघत नाही, मुंबई नावाचे गाव मी ऐकलेले नाही आणि खानदेशात कोट घालण्याची पद्धत कधीच नव्हती.

तर जे घडले नाही, ते असे घडले.

सन बत्तीसची गोष्ट. मी आग्रा रोडवर सत्तारभाईंच्या फोटो स्टुडिओत उमेदवारी करत होतो. आमचे वडील, म्हणजे आबा, कापसाच्या जिनात मुकादम. आबांच्या मते जगात धंदे दोनच : एक कापूस आणि दुसरा बाकीचे. मी बाकीच्यांत गेलो, याचे त्यांना वाईट वाटे. एकदा भाकरी मोडता मोडता त्यांनी निकाल देऊन टाकला.

“लिल्या, आखाजीना पहिले तुना एक बी फोटू छापाई गया, ते कर तुनं फोटूनं काम. नही ते आखाजीना दुसरा दिन जिनमा काटावर येई बठ!”

“एक काय आबा, धा छापाई जातीन!” मी म्हणालो.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि काटा म्हणजे कापसाच्या गाठी तोलायचा काटा. त्यावर एकदा बसलेला माणूस आमच्याकडे पेन्शन घेऊनच उठतो, आणि पेन्शन कोणाला मिळत नाही.

मी अल्बम जमवायला घेतला. एकटा फोटो धाडला तर संपादक तो उघडून लगेच परत करतात. जाडजूड अल्बम परत करायला टपालखर्च जास्त पडतो, म्हणून थोडा तरी विचार करतात. आधी बेत होता स्त्रियांच्या नव्या पेहरावाचा. ताईबाई नावाच्या एक बाई पाचवारी गोल पातळ नेसून आल्या होत्या. फोटो असा निघाला की मलाच माझा हेवा वाटला! त्यांच्या यजमानांना विचारले, “छापायला धाडू का?”

“छापला तर पाहणार कोण?”

“अख्खा महाराष्ट्र!”

यजमानांनी काचेची प्लेट मागून घेतली, उपरण्यात गुंडाळली आणि घरी नेली. ती आता देव्हाऱ्यामागे असते म्हणतात. तिला अख्ख्या महाराष्ट्रापैकी फक्त झुरळे पाहतात.

राहिले पुरुष. आणि पुरुष म्हटले की आला कोट.

आमच्या स्टुडिओत कोट एकच होता. धुळ्यात स्वतःचा कोट म्हणजे वकील, डॉक्टर आणि मामलेदार. बाकीचे सगळे फोटोपुरते कोटवाले. तोच कोट पैलवानाला बसावा आणि शाळामास्तरालाही, म्हणून सत्तारभाईंनी त्याची पाठ मानेपासून खालपर्यंत उभी चिरून तिथे तीन नाड्या लावल्या होत्या. बारीक गिऱ्हाईक आले की नाड्या आवळायच्या, जाड आले की सोडायच्या. समोरून प्रत्येक जण बॅरिस्टर! मागून प्रत्येक जण उसवलेले गाठोडे. पण फोटोत मागून पाहायची कोणाला गरजच नव्हती.

अल्बम गेला. संपादकांचे उत्तर आले :

‘आपण धाडलेल्या सर्व गृहस्थांचा कोट एकसारखा दिसतो. हा खानदेशचा प्रांतिक पोशाख असावा. आमच्या पेहरावाच्या पानावर तो घेऊ. मात्र वाचकांस शिवण समजली पाहिजे, तरी पाठीमागून काढलेला एक फोटो व वर्णन तातडीने धाडावे.’

मी सत्तारभाईंकडे गेलो.

“चाचा, कोटाची पाठ शिवून टाकू. एका दिवसापुरती.”

“आणि उद्या सोनगीरचे पाटील येतील, त्यांना काय घालू? उशीचा अभ्रा?”

“मग एखाद्या वकिलाचा कोट मागू.”

“वकील कोट देतो बेटा,” सत्तारभाई शांतपणे म्हणाले, “पण त्याच्या आत तो स्वतः असतो.”

आखाजीला दोनच महिने उरले होते. पाठ द्यायला दुसरे कोणी तयार होईना, म्हणून शेवटी मी तालमीतल्या हिलालला पकडून आणले. हिलालने कोट चढवला तशी मागची चीर वीतभर फाकली. नाड्या एकमेकींना लांबूनच पाहत राहिल्या. मधून त्याची पाठ दिसत होती आणि पाठीवर आखाड्यातली लाल माती.

“हिलाल, हलू नको.”

“पाठ कशी हलेल रे?”

“श्वास घेऊ नको! बाह्या फाटतील.”

“हसू का? फोटोत हसरं बरं दिसतं.”

“हास. कोणाला कळणार आहे?”

तो हसला. कोणाला कळले नाही. वर्णनात मी जे समोर होते तेच लिहिले, फक्त नीट नेसवून : ‘हा प्रांत उष्ण असल्याने पाठ मोकळी ठेवण्याचा प्रघात. नाड्या तीन, ऐपतीप्रमाणे बांधाव्या अगर न बांधाव्या. हवा खेळती राहते.’

समोरचे सगळे बॅरिस्टर गेले कचऱ्यात! छापून आली ती हिलालची पाठ. मी अंक आबांपुढे ठेवला. आबांनी पान जवळ धरले, लांब धरले.

“हाऊ कोण शे?”

“हिलाल शे, आबा.”

“तोंड कोठे शे?”

“पलीकडे शे.”

आबांनी पान उलटून पाहिले. पलीकडे केशतेलाची जाहिरात होती, तिच्यात केस सोडलेली एक बाई.

“हाई हिलाल नही शे,” आबा म्हणाले.

पण आबा शब्दाचे पक्के. छापले ते छापले! काटा टळला. मी त्या दिवशी गल्लीतून असा चाललो, जणू सूर्य माझ्या परवानगीने उगवतो.

तो सूर्यच नडला. चैत्रातले धुळे म्हणजे भट्टीवर ठेवलेली परात. अंक वाचनालयात आला आणि लोकांनी ‘हवा खेळती राहते’ हे चार-चारदा वाचले. दुसऱ्या दिवशी नूर महंमद शिंपी धावत स्टुडिओत आला.

“लीलाधर! देवपुरातले हेडमास्तर कोट शिवायला आलेत. पाठ उघडी मागतात!”

“मग?”

“मी म्हटलं, गुरुजी, हा कोट नाही, कोटाला झालेला अपघात आहे! तर म्हणतात, छापलेलं खोटं असतं का? आणि पाठीचं कापड वाचलं म्हणून मजुरी कमी करा म्हणतात!”

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? कापला. पाठीमागं पन्नास जण उभे होते!”

हेडमास्तरांनी शाळेत सांगितले की हा काटकसरीचा, देशहिताचा कोट आहे. दलालांनी शिवला, आडत्यांनी शिवला. ज्यांच्या सात पिढ्यांनी कोट पाहिला नव्हता त्यांनीही शिवला, कारण अर्धाच तर शिवायचा! शिरपूरहून बैलगाड्या आल्या. जळगावकरांनी तर नाड्या रेशमी लावल्या. धुळ्याच्या वर राहायचे म्हणजे काहीतरी करायलाच हवे. बाजारात समोरून येणारा राव आणि पाठमोरा जाणारा रंक, असा सगळा खानदेश झाला.

मग मला चौकीवर बोलावणे आले. दिवस चळवळीचे होते.

“बाजारात शेकडो माणसं एकाच तऱ्हेचा कोट घालून हिंडतात,” फौजदार म्हणाले. “कोणत्या दलाचा गणवेश आहे हा?”

“दल नाही साहेब. मासिक आहे.”

“पाठ उघडी का?”

“हवेसाठी.”

“हवेसाठी, की लाठी सोयीची पडावी म्हणून?”

मी अंक पुढे केला. त्यांनी वर्णन वाचले, दाराकडे पाहिले, आवाज खाली आणला.

“तिन्ही नाड्या बांधाव्याच लागतात का? आम्हाला उकाडा फार होतो.”

आबांनीही शिवला! ते जिनात गेले की हमाल म्हणत, “आबा, जरा फिरा ना!” आणि आबा फिरत. आयुष्यात प्रथमच त्यांनी चारचौघांत मला “मना पोऱ्या” म्हटले.

मग आखाजी आली. लेकी माहेरी येतात, घरोघर झोके बांधले जातात, आणि आमच्या स्टुडिओसमोर रांग लागते. आम्ही जिना आणि हंस रंगवलेला मागचा पडदा झटकला, प्लेटा भरल्या, कोटाला इस्त्री केली. बसलो. दुपार झाली. रस्त्याने मोकळ्या पाठी चालल्या होत्या, वळत एकही नव्हती.

मी एका ओळखीच्या पाठीला हाक मारली. “तोतारामभाऊ, फोटो?”

“कशाला?” तोताराम म्हणाला. “कोट तर घरचाच आहे आता. वाटलं की घालतो.”

मी आत आलो. सत्तारभाई हंसाकडे पाहत बसले होते.

“बेटा,” ते म्हणाले, “इतकी वर्षं मला वाटत होतं, लोक फोटोसाठी कोट घालतात. ते कोटासाठी फोटो काढत होते.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी कॅमेऱ्यावर काळे कापड टाकले, ब्रश घेतला आणि बाहेरच्या पाटीवर रंगवले : ‘येथे कोटाच्या नाड्या मिळतील.’ संध्याकाळपर्यंत दुकानात रांग लागली.

मी आबांकडे गेलो.

“आबा, तुम्ही शब्द दिलेला शे. मी फोटूनंच काम करसू.”

“कर ना!” आबा म्हणाले. “मी कोठे नही म्हनस? पन कोठे करशी?”

दुसऱ्या दिवशी मी काट्यावर बसलो. समोर ओळीने हमाल. गाठ उचलायला वाकले की सगळ्यांच्या पाठी एकदम उघडतात. हवा खरेच खेळती राहते. हे मी लिहिले होते, हे मात्र कोणाला आठवत नाही.

सबब, मेहेरबान कलेक्टरसाहेब, जिल्हा पश्चिम खानदेश, यांचे सेवेशी नम्र अर्ज की, जिल्ह्यातील तमाम रयतेने आपापले कोट हुकूम पोहोचताच सत्तारभाईंच्या स्टुडिओत जमा करावेत. यापुढे ज्या कोणास कोट घालण्याची इच्छा होईल त्याने तेथे येऊन, समोरून फोटो काढून घेऊनच ती पुरी करावी. आणि ज्याची पाठ रस्त्यात आढळेल त्याची ती सरकारी खर्चाने शिवून द्यावी. अर्जाचा निकाल काट्यावर कळवावा. अर्जदार तेथेच असतो.