चोवीस बाटल्यांचा बँड

बँड येणार नाही हे कळलं, तेव्हा नवरदेवाचं वऱ्हाड वडीगोद्रीच्या फाट्यावर येऊन ठेपलं होतं. घरातल्या सगळ्यांनी एकदमच देवानंदकडे पाहिलं. धाकट्या बहिणीच्या, बेबीनंदाच्या लग्नात त्याच्यावर एकच काम सोपवलं होतं, ते बँडचं.

त्यानं खिशात हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. बँडवाल्याला लिहिलेलं पत्र खिशातच होतं! महिन्यापूर्वी पोस्टात टाकायला निघाला असताना प्रबंधातली अडलेली पायरी अचानक सुचली. जवळ दुसरा कागद नव्हता, म्हणून ती पत्राच्या पाठीवर उतरवली. असला मोलाचा कागद मग पोस्टात टाकतंय कोण?

तेवढ्यात नवरदेवाचे वडील पुंजाराम यांचा निरोप आला. "बँड वाजल्याबिगर आम्ही फाट्यावरून हालणार न्हाई."

"पोरीचं लगीन मोडलं तर तुझ्या समद्या कागदांना काडी लावीन," केशरबाई लेकाला म्हणाल्या आणि डोकं धरून बसल्या.

देवानंद औरंगाबादला कॉलेजात गणित शिकवायचा. त्याचं संशोधन असं, की आवाजाचा एकच बारीक तुकडा घ्यायचा, तो वेळेत मागेपुढे आणि पट्टीत वरखाली सरकवत राहायचा. हे तुकडे पुरेसे दाट बसले, तर त्यांतून जगातला कुठलाही आवाज उभा करता येतो. विरळ बसले, तर कितीही आटापिटा केला तरी भोकं राहतात. तीन वर्षं तो या दाटीच्या मागे लागला होता आणि आतापर्यंत तिचा कुणालाही काडीचा उपयोग झालेला नव्हता.

"आई, बँडची चाल आपणच वाजवू!" तो उठलाच. "फाट्यावरल्या संपतच्या दुकानातून रिकाम्या बाटल्या आणा. हरेकीत पाणी कमीजास्त भरायचं, की सूर बदलतो. मी बोट दाखवलं की ज्यानं त्यानं आपल्या बाटलीच्या तोंडावर फुंकायचं."

बाटल्या सतराच निघाल्या.

"जमत न्हाई," देवानंदनं हात वर केले. "विरळ पडून राह्यलं. मी सिद्ध केलंय, चोवीस पायजेत."

"माझा जीव टांगणीला अन् हा सिद्ध करून राह्यला!" केशरबाई कडाडल्या. त्यांनी शेजारीपाजारी फिरून सरबताच्या, गुलाबपाण्याच्या, मिळतील त्या सात बाटल्या धुऊन आणल्या.

चोवीस नातेवाईक फाट्यावर ओळीनं उभे राहिले. देवानंदनं बोट उगारलं, आणि काय सांगावं, चालीची पहिली ओळ बराबर वाजली! पुंजारामांनी मान वळवली.

पण चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली दुपार होती ती. दुसऱ्या ओळीला भुजंगमामांच्या घशाला कोरड पडली. त्यांनी हळूच एक घोट घेतला. पाणी कमी झालं, तसा त्यांचा सूर खाली घसरला. ते पाहून शेजारच्यानं घोट घेतला, मग त्याच्या शेजारच्यानं.

"पिऊ नका! मामा, सूर उतरून राह्यला!"

"सूर उतरू दे बाबा, मी वर चाललो तहानंनं!"

गोठ्यात म्हशी हंबरायला लागाव्यात तसा बँड हंबरू लागला. पुंजाराम ताडताड चालत आले. देवानंदला वाटलं, संपलं, बहिणीचं लग्न आपल्या हातानं मोडलं. त्याचे डोळे भरून आले.

पुंजारामांनी भुजंगमामांच्या हातातली बाटली घेतली आणि घटाघटा रिकामी केली. मग दुसरी घेतली.

"दोन तास झाले उन्हात," ते मिशा पुसत हळूच म्हणाले. "बँडापायी अडून बसल्यावर तुमच्याकडं पाणी मागावं कोन्त्या तोंडानं? तुमीच घेऊन आले, लई बरं केलं."

त्यांनी मागे वळून हाळी दिली, "या रे, जल्दी या! पावण्यांनी पाणी आणलंय!" वऱ्हाड बाटल्यांवर तुटून पडलं आणि पाणी पिऊन मुकाट्यानं मांडवाकडे चालू लागलं.

मांडवाच्या दारात बौद्ध लग्नातल्या पांढऱ्या साडीतली बेबीनंदा काळजीनं उभी होती. "दादा, आवाज अर्ध्यातच बंद पडला. बँडाचं काय झालं?"

"पावण्यांनी पिऊन टाकला," देवानंद म्हणाला आणि त्यांच्यासाठी आणखी पाण्याची घागर आणायला आत पळाला.