आत्याबाईंचं माप

माझं वजन किती आहे, हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. संग्रामपुरातल्या आमच्या आत्याबाईंना मात्र ते दशांश चिन्हासकट पाठ होतं. कारण त्यांच्या घरात मी भाडेकरू नव्हतो, माप होतो.

नोकरीनिमित्त मी त्यांच्या माडीवर राहायचो. बायको-मुलगी बुलढाण्याला, मी शनिवारी जाणार, सोमवारी येणार. खाली आत्याबाई आणि त्यांचे थोरले भाऊ वामनदादा. दोघंच. दादांची पूर्वी पिठाची गिरणी होती. आत्याबाई तरुणपणीच माहेरी परतल्या त्या तिथेच राहिल्या, आणि पाहता पाहता सगळ्या गल्लीच्या आत्याबाई झाल्या.

दादांचं हृदय थकलं होतं. खामगावच्या डॉक्टरांनी औषधं दिली, मीठ कमी केलं आणि निघता निघता बजावलं, "रोज सकाळी वजन करायचं. एक-दोन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते अंगात साठलेलं पाणी. वाट बघू नका, लगेच घेऊन या."

त्या दिवसापासून आत्याबाईंच्या डोळ्याला डोळा लागेना. मी खामगावहूनच काचेचा, आकडे दाखवणारा वजनकाटा आणून दिला आणि मोठं काम केल्याच्या आनंदात वर गेलो. तासाभरात खालून हाक आली.

"सर! हा काटा खोटा बोलून राह्यला!"

खाली जाऊन पाहतो तो दादा लुंगी-बनियनवर घरभर हिंडत होते. बाथरूमच्या दारात एक आकडा, ओसरीवर दुसरा, देवघरापुढे तिसराच. घराची फरशी शहाबादी, कुठे उंच, कुठे खोल. काटा जिथे ठेवावा तिथे वेगळा डुगडुगायचा.

"देवापुढं कमी भरते," आत्याबाई काळजीनं म्हणाल्या. "तिथंच ठेवावं का? पन देवापुढं खोटं कसं चालन?"

विहिरीसाठी पाणी शोधावं तशा त्या काटा घेऊन दोन दिवस घरभर फिरल्या. शेवटी स्वयंपाकघरात, माठाजवळ, एक सपाट फरशी सापडली. काट्याच्या चारही पायांभोवती त्यांनी खडूनं खुणा केल्या. त्या फरशीवर पुन्हा कुणी पाय ठेवला नाही. दूधवाल्याची मांजर एकदा बसली, तर लाटणं भिरकावलं गेलं.

मग नियम आले. वजन सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रोज तीच लुंगी, तेच बनियन. चष्मा काढायचा. कवळीसुद्धा काढायची. त्यामुळे दादांना तक्रार करायची सोय उरली नव्हती. कवळीशिवाय ते जे बोलत ते आत्याबाईंना समजत नसे, किंवा समजून घ्यायचं नसे. पाय दोन्ही सारखे, नजर समोर, भिंतीला हात नाही. पहिला आकडा धरायचा नाही, तो "काट्याले जागं कराचा". त्यानंतर तीनदा उभं राहायचं.

"हालू नको दादा. बोलू नको. श्वास घेऊ नको."

"श्वास नाही घेतला तं वजनाची गरजच नाही राह्यनार," दादा बोळक्या तोंडानं म्हणाले. हे मात्र सगळ्यांना समजलं. आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दादांनी खरंच श्वास रोखला.

चहा मिळाला आणि कवळी तोंडात गेली की दादा मला सांगत, "सर, जन्मभर लोकायची जवारी मोजली मी. आता हे मले मोजून राह्यली. एक दिवस दळून टाकन."

एवढं करूनही आत्याबाईंचा जीव शांत होईना. काटा रोज बरोबर चालतो हे कशावरून? आज दादांचा आकडा तोच आला, पण काटाच कमी दाखवत असला तर? त्यांना कधीच न बदलणारी एखादी वस्तू हवी होती. पाण्याचा कॅन ठेवून झाला, तो कलला. पाटा ठेवला, तर काच फुटेल म्हणून त्यांनाच घाम फुटला. मग एका सकाळी त्यांची नजर माझ्यावर पडली.

"सर, तुमी जरा उभे राह्या."

मी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभरात निकाल लागला. "तुमचं काही बदलत नाही सर. तुमी एकदम पक्के हाये."

मी खूश झालो. पण मापाचं आयुष्य काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी बिनचहाचा खाली उतरायचं, काट्यावर उभं राहायचं, मग दादा. माझा आकडा जुळला तर दादांचा खरा. माझ्या जेवणावर पहारा बसला.

"काल वरून भज्याचा वास येत होता सर."

"चारच खाल्ली, आत्याबाई."

"चार? का बशी?"

उलट कधी कंटाळा येऊन मी न जेवता झोपायला निघालो, तर जिन्यात ताट घेऊन त्या हजर. "माप कमी नाही भरलं पाह्यजे." माझ्या तब्येतीची इतकी चौकशी माझ्या आईनंही केली नव्हती, आणि ती माझ्यासाठी नव्हती हे मला पक्कं माहीत होतं.

असे बरेच महिने गेले. मग माझ्या मेहुण्याचं लग्न निघालं, पिंपळगाव राजाला. चार दिवस मी तिकडे. सासुरवाडीचं लग्न म्हटल्यावर हात आवरता येत नाही, आणि मला तर सकाळी कुणी मोजणार नव्हतं. रात्री उशिरा परतलो आणि सकाळी खाली उतरलो, तर आत्याबाई माठाला टेकून बसलेल्या. चेहरा उतरलेला.

"दादाचं वाढलं सर. परवापासून दोन किलोच्या वर. रात्रभर उशा लावून बसला व्हता, झोपलं की दम लागते म्हने." मग एकदम आशेनं, "तुमी उभे राह्या ना. मी तुमचीच वाट पाहून राह्यली."

मी उभा राहिलो. माझाही आकडा पावणेदोन किलोनं वर.

आत्याबाई काट्यावर वाकल्या, पुन्हा वाकल्या, आणि चक्क हसल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "काटाच बिघडला! दोघायचंही वाढलं! दादा, काही नाही रे, काटा बिघडला!"

आतून दादांचा नुसता श्वास ऐकू येत होता.

"आत्याबाई," मी म्हणालो, "काटा बरोबर असेल. मी लग्नात जेवलोय."

"इतकं?"

"इतकं."

"असं कोनी जेवते का? नाही सर. काटाच हाये." त्यांनी काटा उचलून छातीशी धरला. मी तो ओढून घेईन असं त्यांना वाटलं असावं.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी तसाच शेजारच्या गल्लीत इरफानभाईंच्या धान्याच्या दुकानात गेलो. ते शटर वर करत होते. मी सरळ पोत्यांच्या काट्यावर चढलो.

"क्या सर, सकाळी सकाळी खुदको बेचताय क्या?"

"आकडा सांगा इरफानभाई, लवकर."

त्यांनी सांगितला. आत्याबाईंच्या फरशीवर आला होता तोच. मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. इरफानभाईंनी शटर परत खाली ओढलं. "मी गाडी काढतो. तुमी त्यायले तयार करा."

मी परत आलो आणि आत्याबाईंना आकडा सांगितला. त्यांनी काटा खाली ठेवला, आत गेल्या, दादांच्या पायाशी बसल्या आणि त्यांचा मोजा उतरवला. मोज्याच्या काठाचा खोल वळ घोट्यावर उमटला होता. त्यांनी अंगठ्यानं तिथं दाबलं. खळगा पडला, तो भरून येईना. 

"आत्याबाई, चप्पल घाला," इरफानभाई दारातून म्हणाले.

खामगावपर्यंत दादा पुढच्या सीटवर ताठ बसून श्वास घेत होते. मागे आत्याबाईंची मूठ माझ्या शर्टाच्या बाहीत रुतली होती. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "बरं झालं आजच आणलंत." इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळपर्यंत पाणी उतरू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा चेहरा निवळला आणि त्यांनी कवळी मागितली.

आम्ही वॉर्डाबाहेर बाकावर बसलो होतो. आत्याबाईंच्या हातात चहाचा पेला होता, तसाच भरलेला. इतके दिवस मनात असलेलं मी विचारलं.

"माझ्यासारख्या खाणाऱ्या माणसाला माप कशाला केलंत? तुम्ही स्वतःच उभं राहायचं होतं की. तुम्ही तर रोज तीच अर्धी भाकर खाता."

"राह्यली व्हती मी सर. ते सपाट फरशी सापडली त्याच दिवशी, दादा झोपला तवा. लईच कमी भरली मी. रोज उभी राह्यली असती तं दादानं वाकून आकडा पाह्यला असता. मग त्यानं माहीच काळजी केली असती. त्याचं पह्यलेपासून असंच हाये."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"सोनाळ्याले देलं व्हतं मले. लेकरू नाही झालं म्हनून सासूनं पेटी बाहेर ठेवली. दादा सायकल घेऊन आला. कोनाले काही बोलला नाही. पेटी हँडलले बांधली, मले मांगं बसवलं. वाटेत चढ लागला. त्याचा दम ऐकू येऊन राह्यला व्हता मले. म्हनलं, दादा, मी उतरते, जड होते तुले."

वॉर्डातून दादांचा आवाज आला. ते नर्सला काहीतरी विचारत होते. आत्याबाईंनी कान दिला, पण उठल्या नाहीत.

"तो म्हनला, बसून राह्य. तू मले काही जड नाही."

"मग?"

"मग काही नाही. घर येईपर्यंत उतरू नाही देलं त्यानं."

नर्स दारात आली. "शकुंतलाबाई कोण? आजोबा विचारताहेत, बहीण जेवली का म्हणून."

"हाव म्हना त्याले," आत्याबाई म्हणाल्या. "जेवली म्हना. पोटभर."